पहिली दुरुस्ती फोनवर होते

रात्री पावणेबाराला फोन आला. "दादा, लवकर या हो, बाथरूममधून हॉलपर्यंत पाणी आलंय, काय करू कळत नाहीये." मी प्लंबर, राहतो वारज्यात; ताई हडपसरच्या, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला. गाडीला किक मारून तसाच निघालो असतो तरी पोचायला पाऊण तास गेला असता. अर्ध्या इंची लाइन तुटली की गच्चीवरच्या टाकीच्या दाबाने मिनिटाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज पडतं. पाऊण तासात सात-आठशे लिटर. म्हणजे हॉलमधल्या गाद्या, लाकडी कपाटांचे पाय आणि खालच्या घराचं छत, सगळं गेलं.

म्हणून मी निघालो नाही. आधी विचारलं, "ताई, पाणी गार आहे की कोमट?"

"कोमट आहे. गरमच म्हणा."

"मग बाथरूममध्ये जाऊ नका. दाराजवळच्या बोर्डावर गिझरचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका असेल, तो खाली पाडा. कुठला ते कळत नसेल तर मेन पाडा, मोबाइलचा उजेड पुरेल. उभ्या आहात तिथली जमीन कोरडी आहे ना? हातही कोरडे करा." मग ड्राय बाल्कनीत जायला सांगितलं. तिथे डक्टच्या, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीच्या बाजूला, पाणी बंद करायचे दोन कॉक होते, एकाचा दांडा लाल, एकाचा निळा. दांडा पाइपच्या रेषेत असेल तर कॉक उघडा आहे, आडवा केला की बंद. त्यांनी दोन्ही आडवे केले. सात-आठ मिनिटांत पाणी थांबलं. गिझरमधून गरम पाणी बाहेर नेणारा लवचिक कनेक्शन पाइप फुटला होता. मी पोचल्यावर तो बदलायला मला वीस मिनिटंही लागली नाहीत. घर वाचवायचं काम ताई आधीच करून बसल्या होत्या.

या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना हा प्रसंग मी सगळ्यात आधी सांगतो. आयटीआयच्या एका वर्षात आपण आटे पाडायला शिकतो, पाइप कापायला, जोडायला, ड्रॉइंग वाचायला शिकतो. ते सगळं लागतंच, त्यात कसूर करू नका. पण घाबरलेल्या माणसाशी फोनवर काय बोलायचं हे वर्गात कोणी शिकवत नाही, आणि रात्रीच्या कॉलमध्ये निम्मं नुकसान तिथेच टळतं.

मी हे शिकलो ते आमच्या उस्तादांकडून. ते ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातले. देशात कुठल्याही मोठ्या शहरात प्लंबरांच्या टोळीत गेलात तर केंद्रपाडा, पट्टामुंडाई ही नावं कानावर पडतातच. पिढ्यान्‌पिढ्या तिथली माणसं या धंद्यात आहेत. आम्ही पोरं त्यांना भाईना म्हणायचो, त्यांच्या भाषेत थोरला भाऊ. आयटीआयनंतर तीन वर्षं मी त्यांचा हेल्पर होतो. त्यांना फोन आला की ते जागेवर बसून डोळे मिटून प्रश्न विचारायचे आणि ते घर डोळ्यांपुढे उभं करायचे. पिशवीत काय न्यायचं ते फोन ठेवल्यावर ठरायचं.

माझे प्रश्न आता ठरून गेलेत. पाणी गरम की गार? एकसारखं येतंय की थांबून थांबून? स्वच्छ आहे की घाण, वास येतो का? विजेच्या बोर्डाजवळ, दिव्याजवळ पोचलंय का? नळ बंद केल्यावरही येतंय का? एकसारखं आणि स्वच्छ असेल तर प्रेशर लाइन, म्हणजे टाकीतून नळांकडे येणारी लाइन फुटलीय, कॉक शोधायला लावा. कोणी आंघोळ केली की तेवढ्यापुरतं येत असेल तर वेस्ट लाइन, म्हणजे सांडपाण्याची लाइन, किंवा न्हाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतला जाळीखालचा भाग. तिथे कॉक बंद करून काही होत नाही, पाणी वापरायचं थांबवलं की झालं, आणि मग सकाळी गेलं तरी चालतं. हा न्हाणी ट्रॅप आपल्या मराठी न्हाणीवरूनच आलाय. इंग्रजी पुस्तकातही तो 'नहाणी ट्रॅप' म्हणून छापलेला असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

छतातून थेंब पडतायत म्हणून बोलावलं की नवा मुलगा लगेच वरच्या घरातली फरशी फोडायला निघतो. तसं करू नका. वरच्या घराचे सगळे कॉक तासभर बंद ठेवा. थेंब कमी झाले तर प्रेशर लाइन. नाही झाले तर बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ घाला, ती न्हाणीत ओता आणि खाली वाट बघा. निळा डाग उतरला तर उत्तर मिळालं. कधी अर्धा दिवस लागतो, पण दोन शेजाऱ्यांचं भांडण त्या निळीवर मिटतं.

दुसरी गोष्ट इमारतीची. नव्या सोसायटीत साध्या नळाच्या कामाला गेलात तरी एकदा गच्चीवर जाऊन या. टाक्या किती, कुठल्या टाकीतून कुठली डाऊनटेक, म्हणजे घरांकडे जाणारी खालची लाइन उतरते, किचनची वेगळी, बाथरूमची वेगळी, फ्लशची वेगळी आहे का, कॉक कुठे आहेत, हे बघून वहीत मांडा. पुष्कळ फ्लॅटमध्ये किचन आणि बाथरूमचं पाणी वेगवेगळ्या लाइनने येतं. घाबरलेला माणूस किचनचा कॉक बंद करतो आणि बाथरूम वाहतच राहतं. जुन्या इमारतींत तर घरात कॉकच नसतो. मग गच्चीवरून लाइन बंद करायची, म्हणजे त्या डक्टमधली सगळी घरं कोरडी. तेव्हा वॉचमनला आणि त्या घरांना सांगूनच बंद करा.

हे मी मोठी किंमत देऊन शिकलो. स्वतंत्र काम सुरू करून दुसरंच वर्ष होतं. शनिवार पेठेतली जुनी इमारत, जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची लाइन, स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. वायसरचं काम. पण नळच बदलू म्हणालो आणि पाणी बंद न करता पाना लावला. मनात हिशेब असा की नवा नळ हातात तयार आहे, दोन सेकंदांत बसवतो. भिंतीतला निपल, म्हणजे नळ ज्यावर बसतो तो आट्यांचा छोटा पाइप, आतून गंजून कागदासारखा झाला होता. तो भिंतीतच तुटला. समोरच्या भिंतीपर्यंत धार लागली. डक्टमधल्या गेट व्हॉल्व्हचं चाक गरागरा फिरत होतं, पण पाणी अडवणारा आतला गेट दांड्यापासून सुटून पडलेला, चाक फिरवून उपयोग शून्य. तीन जिने चढून गच्चीवर गेलो तर दाराला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे आणि ते बाहेरगावी. घरातल्या आजोबांनी लाटण्याला फडकं गुंडाळून ते भोकात दाबून धरलं. मी किल्लीसाठी घरोघर फिरत होतो. पाऊण तास ते आजोबा ओलेचिंब तसेच उभे राहिले. माझ्यावर एका शब्दाने रागावले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. खालच्या दुकानाचं नुकसान मी दोन महिने हप्त्याने भरलं.

तेव्हापासून जुन्या लाइनवर पाना लावायच्या आधी मी कॉक बंद करतो, नळ उघडून खरंच बंद झालंय का बघतो, आणि गच्चीची किल्ली खिशात घेतो. कॉकवर विश्वास ठेवू नका, नळ उघडून खात्री करा. गेट व्हॉल्व्ह जाम असेल तर चाकाला पाना लावून पिळू नका, दांडा तुटतो. थोडा पुढे, थोडा मागे, असा हलवत सोडवा.

टाकीचाच कॉक गेलेला असेल तर टाकीच्या आतून आउटलेट बंद करावा लागतो. जाड कापडाचा मोठा बोळा करायचा, त्याला दोरी बांधायची, दोरीचं दुसरं टोक टाकीच्या तोंडाशी बांधायचं आणि बोळा आउटलेटवर सोडायचा. पाण्याचा ओढच त्याला दाबून धरतो. दोरी विसरलात आणि बोळा पाइपात गेला तर पुढचे दोन दिवस तुमचे. रात्री, पावसात, कठडा नसलेल्या टाकीवर एकट्याने चढायचं नाही. एवढं ऐकाच. पाणी वाहिलं तर वाहू दे.

तात्पुरत्या उपायांत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी अजून सगळ्यात खात्रीची. ताणून घट्ट गुंडाळायची आणि वर तार किंवा क्लॅम्प. जोराने वाहणाऱ्या पाण्यावर गळती बुजवायची कुठलीही पुटी धरत नाही, तिच्यात वेळ घालवू नका. सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपचा जोड करताना पाइप आतून-बाहेरून कोरडा हवा. लाइनमधलं राहिलेलं पाणी सगळ्यात खालच्या नळातून काढून टाका, नाहीतर थेंब येत राहतो आणि पाइप चिकटवायचं सोल्व्हंट सिमेंट धरत नाही. ते सिमेंट लावून पाव वळसा देत पाइप बसवा, थोडा वेळ हातात दाबून धरा, आणि डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत पाणी सोडू नका. घरचे पाचव्या मिनिटाला "झालं का" विचारतात. त्यांच्यासाठी घाई केलीत तर पहाटे पुन्हा तेच घर. आणि पाणी सोडताना कॉक एकदम उघडायचा नाही. वरचा एखादा नळ उघडा ठेवून हळूहळू सोडा, आधी हवा फुसफुसत निघून जाऊ दे. धडकन उघडलं की दणका बसतो आणि दुसरीकडचा कमजोर जोड सुटतो.

तुंबलेल्या लाइनचं काम वेगळं, पण सुरुवात इथेही फोनवरच. तळमजल्यावरून फोन आला की संडासातून उलटं पाणी वर येतंय, तर ते पाणी त्या घराचं नसतंच. वरच्या मजल्यांचं असतं. "आधी वरच्यांना सांगा, कोणी पाणी वापरू नका." एवढ्याने चढ थांबतो. मग जाऊन चेंबरची, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनवरच्या हौदांची झाकणं ओळीने उघडायची. एक भरलेलं आणि पुढचं कोरडं दिसलं की अडथळा त्या दोघांच्या मध्ये. तुंबलेलं मोकळं करायची लांब स्प्रिंग तिथूनच मारायची.

एक प्रश्न मात्र न विसरता विचारा: "तुम्ही पावडर किंवा अ‍ॅसिड ओतलंय का?" सिंक मोकळं करायच्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो. लोक दोन-तीन पाकिटं ओततात, वर अ‍ॅसिड ओततात, काही झालं नाही की मग आपल्याला बोलावतात. तुम्ही सिंकखालचा बाटलीसारखा बॉटल ट्रॅप उघडला की ते सगळं हातावर, चेहऱ्यावर. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. खिडक्या उघडा, हातमोजे आणि चष्मा घाला, ट्रॅपखाली प्लास्टिकची बादली ठेवा. उत्तर "नाही" आलं तरी घाला, कारण कोणी ओतलं ते घरातल्या सगळ्यांना माहीत असेलच असं नाही.

आणि सेप्टिक टँकमध्ये उतरायचं नाही. कोणी कितीही पैसे देऊ दे, "दोन मिनिटांचं काम आहे, रबर अडकलंय फक्त" म्हणू दे. आतला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास थांबतो आणि माणसाला वाटतं हवा बरी आहे. एक आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा बातम्या दरवर्षी वाचतो आणि दर वेळी त्यात विशी-पंचविशीतली पोरं असतात, कामाला नाही म्हणायची ज्यांची हिंमत होत नाही. 2013 च्या कायद्याने सुरक्षेची साधनं न देता गटारात, टाकीत माणूस उतरवून अशी साफसफाई करून घ्यायला बंदी घातली आहे. तुम्ही नाही म्हणालात तर कायदा तुमच्या बाजूने आहे. सक्शनची गाडी मागवायला सांगा आणि बाजूला उभे राहा.

पैशाचं थोडक्यात. रात्रीचा व्हिजिट चार्ज निघायच्या आधी फोनवर सांगा. फोनवर सांगूनच काम भागलं तर मी पैसे घेत नाही. भाईनाही घेत नसत. ते घर पुढे आयुष्यभर आपल्यालाच बोलावतं, शिवाय मला ते बरोबर वाटतं.

काम संपलं की मी आणखी पाच मिनिटं थांबतो. पिशवीत पत्र्याचे छोटे बिल्ले आणि ऑइलपेंटचा मार्कर असतो. प्रत्येक कॉकला बिल्ला बांधतो: किचन, बाथरूम, गिझर, फ्लश. मग घरातल्या सगळ्यांना बोलावून एकेकाला तो कॉक स्वतःच्या हाताने बंद करून पुन्हा उघडायला लावतो. आजींनासुद्धा, आठवीतल्या मुलालासुद्धा. हाताला जोर किती लागतो ते तेव्हाच कळतं.

हडपसरच्या त्या ताईंकडेही बिल्ले बांधून आलो होतो. दीड वर्षाने त्यांच्या मुलाचा फोन आला, रात्री दहाच्या सुमाराला. आई-बाबा गावाला गेले होते, घरी तो आणि त्याची धाकटी बहीण. "काका, फ्लशच्या टाकीचा पाइप सुटला होता. मी फ्लशचा कॉक बंद केलाय, नळ उघडून पाहिलं, पाणी येत नाहीये. उद्या सकाळी आलात तरी चालेल."