कालप्रवासावर वाद घालताय? या चुका टाळा

रंकाळ्यावर भेळ संपत येते तसा वाद रंगतो. एक म्हणतो, “भावा, विज्ञानानं सिद्ध झालंय!” दुसरा म्हणतो, “सगळ्या थापा!” दोघांचंही चुकतं, कारण पहिला प्रश्न कुणी विचारतच नाही: जायचंय कुठं, पुढं की मागं?

पुढं जायला भौतिकशास्त्राची आडकाठी नाही. ज्याचं घड्याळ सावकाश चालतं, तो इतरांच्या भविष्यात पोचतो. आणि पृथ्वीच्या गुरुत्वाच्या खड्ड्यात जितकं खाली, तितकं घड्याळ सावकाश. दर १०० मीटर उंचीला वर्षाकाठी सुमारे ०.३४ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. म्हणजे पन्हाळ्यावर राहणारा कोल्हापूरकरापेक्षा किंचित लवकर म्हातारा होतो; गडावरच्या हवेचं कौतुक करताना हे कुणी सांगत नाही. जीपीएस उपग्रहांत हा फरक मोठा. वेगामुळं त्यांचं घड्याळ रोज ७ मायक्रोसेकंद मागं पडतं, उंचीमुळं ४५ पुढं जातं. उरलेल्या ३८ ची दुरुस्ती आधीच केलेली असते, म्हणून मोबाईल तुम्हाला महाद्वार रोडला नीट पोचवतो.

इथं एक गफलत हमखास होते: वेगानं फिरलं की आयुष्य वाढतं. वाढत नाही. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगानं एक वर्ष फिरून आलात तर इथं सात वर्षं उलटलेली असतील, पण तुम्ही जगलात एकच. मिसळीही वर्षभराच्याच खाल्ल्या.

“दुर्बिणीतून भूतकाळ दिसतो, मग जाता का येणार नाही?” किरणोत्सवात अंबाबाईच्या मूर्तीवर येणारी मावळतीची किरणं सूर्यावरून साधारण ८ मिनिटं २० सेकंद आधी निघालेली असतात. आपण जुना उजेड बघतो, जुन्या काळात जात नाही. जुनं पत्र उशिरा हातात पडलं, एवढंच.

आता मागं जाणं. “समीकरणात आहे, म्हणजे शक्य आहे” ही सुशिक्षितांची आवडती चूक. १९४९ मध्ये गणिती कर्ट गोडेल यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून असं विश्व काढून दाखवलं, जिथं फिरत फिरत स्वतःच्याच भूतकाळात पोचता येतं. फक्त ते विश्व सगळंच्या सगळं गरगरतं. आपलं तसं गरगरताना आढळलेलं नाही. कृमिविवराचंही, म्हणजे अवकाश-काळातल्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या बोगद्याचंही, तेच. ते उघडं ठेवायला ऋण ऊर्जा (शून्याहूनही कमी) लागते आणि माणूस जाईल एवढं भोक धरून ठेवण्याइतकी ती कुठून आणायची, याचं उत्तर कुणाकडं नाही.

उलट बाजूची चूक म्हणजे आजोबांचा दाखला: मागं जाऊन आजोबांनाच मारलं तर तू जन्मलास कसा? कोडं झकास, पण हा निसर्गनियम नव्हे. रशियन भौतिकशास्त्रज्ञ नोविकोव यांचं म्हणणं असं की जे घडलंय त्याच्याशी जुळेल तेवढंच तिथं घडू शकेल. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये निसर्ग असा प्रवास होऊच देत नसावा असं मांडलं. पण तो अंदाज आहे, सिद्धता नाही.

हॉकिंग यांनीच २००९ मध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रणं नंतर पाठवली. कुणी आलं नाही. कट्ट्यावर हा किस्सा हुकमी एक्का म्हणून टाकू नका. कृमिविवराचं यंत्र बनलंच, तरी ते बनलं त्या क्षणाच्या मागं त्यातून जाता येत नाही. २००९ पूर्वी यंत्रच नसेल, तर पाहुणे येणार कुठल्या दारानं?