स्वेटर घालूनही हुडहुडी का भरते? लोकरीच्या कपड्यांबाबत या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत परभणी, जालना, बीडकडे पहाटे पारा 10 अंशांखाली जातो आणि दुपारी तोच 28-30 अंशांपर्यंत चढतो. पहाटे दात वाजतात, दुपारी शर्ट घामाने चिकटतो. अशा हवेला लोकर चांगली, कारण ती स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही आणि तो शोषताना थोडी ऊबही सोडते. तरीही लोकरीचं घेऊन थंडी गेली नाही, ही तक्रार दर हिवाळ्यात असतेच. त्यात दोष लोकरीचा क्वचितच असतो.

लोकर म्हणून अॅक्रिलिक घेणं

थंडीत रस्त्याकडेला मांडलेल्या ढिगातले बहुतेक स्वस्त स्वेटर अॅक्रिलिकचे असतात. दुकानदार ‘वूलन’ म्हणतो, पण तो शब्द आता कुठल्याही उबदार कपड्याला लावतात. आधी आतली पट्टी वाचा. पट्टी नसेल तर शिवणीतला सुटलेला धागा चिमट्यात धरून काडी लावा. खरी लोकर कष्टाने पेटते, ज्योत काढली की आपोआप विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडता येते. अॅक्रिलिक मात्र वितळून काळा, टणक मणी धरतं. दोन्ही खुणा दिसल्या तर माल मिश्र आहे.

हा फरक शेकोटीपाशी जिवावर बेततो. ठिणगी पडली तर लोकर तेवढीच करपते. वितळलेलं अॅक्रिलिक कातडीला चिकटतं आणि भाजतच राहतं. हुरड्याच्या आगटीभोवती लहान मुलं असतील तर एवढं ध्यानात ठेवाच.

छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल देखणी असते, पण तिचं मूळ विणकाम सुती आणि रेशमी धाग्यांचं. ती लोकरीची समजून पहाटेच्या गारठ्यात घेतली की फजिती ठरलेली.

ऊब कापडात असते, असं समजणं

ऊब असते धाग्यांच्या वळणांत अडकलेल्या हवेत. म्हणून अंगाला घट्ट बसणारा स्वेटर कमी ऊब देतो. हाताची बोटं सहज आत जातील एवढी ढिलाई ठेवा. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ बरे, दुपारी एक काढता येतो.

दुचाकीवर तर नुसता स्वेटर म्हणजे चाळणीच. विणीच्या छिद्रांतून वारा शिरतो आणि साठलेली गरम हवा उडवून नेतो. वरून पातळ विंडचीटर चढवा, नसेल तर पावसाळ्यातला रेनकोटही चालेल. मफलरची टोकं आत खोचा. चाकाजवळ, कडबाकुट्टीजवळ किंवा मळणीयंत्रापाशी लोंबती शाल नकोच.

लोकर टोचते म्हणून आत सुती बनियन घालतात, ते ठीकच. पण रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेल्यावर किंवा ओझं वाहिल्यावर तेच बनियन घामाने भिजतं आणि काम थांबलं की बर्फासारखं लागतं. सोबत एक कोरडं बनियन न्या. लहान मुलांनाही आत मऊ सुती झबलं घाला आणि मानेमागे हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा.

घोंगडीचं गणित वेगळं. दख्खनी मेंढीची लोकर राठ, पण दाट विणीमुळे घोंगडी वारा अडवते आणि भुरभुर पाऊसही काही वेळ झेलते. ती साबणात बुडवणं ही मोठी चूक. विणताना धाग्यांना चिंचोक्याची खळ दिलेली असते, ती निघून गेली की घोंगडी ढिली पडते. झटकायची, उन्हात टाकायची, काठीने धूळ काढायची, बस्स.

धुताना घात

सर्वांत जास्त स्वेटर मोरीत वाया जातात. लोकरीच्या धाग्याला सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, घासणं आणि सोडायुक्त साबण एकत्र आले की खवले एकमेकांत गुंततात आणि स्वेटर मुलाच्या मापाचा होतो. शिवाय लोकर म्हणजे प्रथिन. डाग काढणाऱ्या पावडरीतली एन्झाइम तिला पोखरतात, ब्लीच तर विरघळवतंच.

बोअरचं क्षारयुक्त पाणी ही आपल्याकडची वेगळी डोकेदुखी. त्यात वडीच्या साबणाचा चिकट थर धाग्यावर बसतो. म्हणून लोकरीसाठीचं पातळ डिटर्जंट किंवा रिठ्याचं गाळलेलं पाणी वापरा. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात.

एका स्वेटरला चार-पाच लिटर कोमट पाणी पुरतं, हाताला गरम लागू नये इतकंच. स्वेटर उलटा करून पाच मिनिटं भिजवा, दाबून-दाबून मळ काढा, घासू नका. खळबळायचं पाणीही तेवढंच कोमट असू द्या. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत बाजेवर चादर टाकून आडवा पसरा. दोरीवर टांगला की पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात.

थोडासा आकसला असेल तर कोमट पाण्यात चमचाभर हेअर कंडिशनर घालून अर्धा तास भिजवा, मग हलक्या हाताने ताणून मापावर वाळवा. पार नमद्यासारखा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखा झाला असेल तर उशीचा अभ्रा शिवा.

मळका स्वेटर ट्रंकेत

भोकं पाडते ती कसर, म्हणजे एका पतंगाची अळी. घाम आणि अन्नाचे डाग तिला विशेष आवडतात, म्हणून ‘दोनदाच घातला होता’ म्हणून न धुता ठेवलेला स्वेटर आधी जातो. होळीच्या सुमारास धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कडुनिंबाच्या पाल्याने थोडी मदत होते, भरवसा मात्र नको. पावसाळ्यात उघडीप मिळाली की एकदा बाहेर काढून झटका, शिवणी आणि काखेजवळ नीट बघा.

डांबरगोळ्या वापरल्या तर तान्ह्या बाळाचे कपडे त्यांत ठेवू नका. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळांत त्या वाफेमुळे रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. मोठ्यांचे कपडेही घालण्याआधी वास जाईपर्यंत मोकळ्या हवेत टांगा.