बाईक ओढ्यात बुडाली? आधी स्टार्टरवरचा अंगठा काढा

पावसाळ्यात ताम्हिणीच्या अंगाला भटकणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. गुडघाभर वाटलेलं पाणी कमरेएवढं निघतं, बाईक आडवी होते, चौघं मिळून तिला काठावर ओढतात आणि पाचवा लगेच सेल्फ मारतो. एकदा तो पाचवा मीच होतो. इंजिन एकदाच ‘टक’ म्हणालं आणि थांबलं. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकला होता.

पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं, पाणी दाबलं जात नाही. २०० सीसीचं इंजिन घ्या, कॉम्प्रेशन १०:१ धरा, म्हणजे आतलं मिश्रण दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबलं जातं. पिस्टन पूर्ण वर गेला की वर जेमतेम २२ सीसी जागा उरते, म्हणजे चहाचे साडेचार चमचे. सिलिंडरमध्ये पाणी त्याहून जास्त असेल तर पिस्टनला वर जायला वाटच नाही आणि सगळा जोर रॉडवर येतो. सेल्फ चालत नाही म्हणून ढकलून गिअर टाकणं तर त्याहून वाईट, कारण तेव्हा पूर्ण बाईकचं वजन तो रॉड वाकवायला लागतं.

म्हणून बाईक पडताच हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच, मग चावी बंद. काठावर आणल्यावर पुढचं चाक उचलून बाईक मागच्या चाकावर उभी करा, सायलेन्सरमधलं पाणी मागून निघून जाईल. मग सीट काढून एअर फिल्टर बघा. तो कोरडा असेल तर बहुधा थोडक्यात वाचलात, ओला असेल तर पाणी आत गेलंय असंच समजून चाला. कागदी फिल्टर पिळून परत बसवू नका, तो फाटतो. फोमचा असेल तर पिळून वाळवता येतो. एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टरच्या डब्याच्या, तळाची नळी उघडून तिथलं पाणीही सोडा.

आता इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढा. पान्याला प्लगपर्यंत जायला वाट कुठून आहे, हे घरी एकदा करून बघितलेलं बरं. ओढ्याकाठी, भिजलेल्या हातांनी ते शोधण्यात संध्याकाळ होते. इथे बरेच जण प्लग काढून सेल्फ मारतात. पाणी उडतं खरं, पण सोबत पेट्रोलची वाफही येते आणि बाहेर लोंबणाऱ्या प्लगची ठिणगी पडली तर भडका उडू शकतो. चावी बंदच ठेवा. किक असेल तर किक मारा. नसेल तर वरचा गिअर टाकून मागचं चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी येणं थांबेपर्यंत फिरवत राहा. प्लग काढलेला असूनही चाक एकाच जागी अडत असेल तर जोर करू नका, सरळ टेम्पो बोलवा.

दुसरी महागडी चूक म्हणजे बाईक चालू झाली की तशीच घरी दामटणं. आधी ऑइलची काच बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय आणि त्यावर बेअरिंग टिकत नाहीत. इंजिन अजून चालू केलं नसेल तर पाणी तळाशी बसलेलं असतं. ड्रेन बोल्ट सावकाश सैल करा, पहिलं पाणीच येईल. नंतर साधं २० डब्ल्यू-४० बाईकचं ऑइल भरा, काही मिनिटं इंजिन फिरवा, पुन्हा काढा. रंग स्वच्छ येईपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं. महागडं सिंथेटिक शेवटच्या खेपेला. स्वस्त पडतं म्हणून कारचं ऑइल मात्र नको, बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो आणि तो घसरायला लागतो.

टाकीत पाणी गेलं असेल तर हल्ली ‘खालचं पाणी तेवढं सोडलं’ एवढ्याने भागत नाही. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी शोषतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी वेगळी होतात. पंप नेमका तिथूनच ओढतो. टाकी पूर्ण रिकामी करा. कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या खालच्या वाटीचा (बाऊलचा) स्क्रूही उघडा.

वायरींचे कपलर, म्हणजे प्लॅस्टिकचे जोड, सोडून वाळवा. हेअर ड्रायर चालेल, कार वॉशवाल्याचा प्रेशर पाइप नको, तो गाळ आणखी आत ढकलतो. चेनला त्याच रात्री ल्यूब मारा. चाकांचे बेअरिंग आठवडाभराने हाताने फिरवून बघा. त्यांची खरखर पहिल्या दिवशी कळत नाही.