जादा अंथरूण-पांघरुणाला घरात जागा कशी करावी

कोल्हापुरातल्या बहुतेक कुटुंबांत घरातल्या माणसांपेक्षा अंथरुणे जास्त असतात, कारण चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेला, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला, गौरी-गणपतीला आणि लग्नसराईत पाहुणे मुक्कामाला येतात आणि चार माणसांच्या घरात एका रात्रीत दहा-बारा जणांची झोपण्याची सोय करावी लागते. पाहुणे परतले, की त्या गाद्या, रजया, वाकळा, घोंगडी आणि सोलापुरी चादरी ठेवायच्या कोठे, हा प्रश्न मागे उरतो. अशा वेळी आपण घरातला मोकळा कोपरा शोधू लागतो. माझा आग्रह असा आहे, की आधी कोरडा कोपरा शोधावा आणि मगच तो किती मोकळा आहे हे पाहावे. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरून असतात, आणि मे महिन्यात नीट घडी घालून ठेवलेली रजई गणपतीत बाहेर काढावी तर तिला कुबट वास येतो, अभ्र्यांवर काळे ठिपके पडलेले असतात. हे नुकसान जागेच्या टंचाईने होत नाही, ते चुकीची जागा निवडल्याने होते.

कामाला सुरुवात मे महिन्यात, मृगाच्या आधी करावी. घरातले सगळे अंथरूण-पांघरूण एकाच दिवशी गच्चीवर किंवा अंगणात काढावे, म्हणजे आपल्याकडे नक्की किती आहे हे एकदा डोळ्यांसमोर येते. मग वर्षातून किती वेळा लागते, या एकाच निकषावर त्याचे वाटे करावेत. महिन्या-दोन महिन्यांतून लागणारे वेगळे ठेवावे, सणावारीच लागणारे वेगळे, आणि दोन वर्षांत कोणी अंगावर न घेतलेले वेगळे. हा तिसरा वाटा मन घट्ट करून कमी करावा. कोल्हापुरात जानेवारीतही पहाटेचे तापमान साधारण १४-१५ अंशांच्या आसपास असते. त्यासाठी प्रत्येक पाहुण्याला जाड रजई लागत नाही, एक वाकळ आणि वर सोलापुरी चादर पुरते. गाद्यांच्या बाबतीत तर घरातल्या मोठ्यात मोठ्या कार्यक्रमाचा हिशेब धरून साठा करूच नये. लग्नाला लागणाऱ्या वीस-पंचवीस गाद्या मंडपवाल्यांकडे भाड्याने मिळतात. घरात चार-पाच जादा गाद्या असल्या, तर एरवीची वेळ निभावते. गोळे झालेल्या गादीचा कापूस चांगला असेल, तर तो पिंजून घेऊन दोन जुन्या गाद्यांची एक चांगली गादी करता येते, आणि तेवढी जागा आपोआप सुटते.

आता मापाकडे वळू, कारण अंदाजाने केलेली मांडणी फसते. नेहमीचा डबल बेड ७२ बाय ७५ इंचांचा असतो. त्याच्या पोटातला कप्पा १० इंच खोल धरला, तर सुमारे ३१ घनफूट जागा मिळते, आणि मधल्या फळ्या व चौकट वजा जाता २५ घनफूट हाताशी राहते. तीन बाय सहा फुटांची, चार इंच जाडीची एक कापसाची गादी सहा घनफूट जागा घेते, म्हणजे चार गाद्यांत तो कप्पा संपला. याउलट दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सहा इंच उंच अशी घडी घातलेली रजई फक्त दीड घनफूट घेते. त्याच कप्प्यात अशा पंधरा-सोळा रजया बसतात. घरातली जागा खरे तर गाद्या खातात, पांघरुणे नव्हेत, ही गोष्ट एकदा लक्षात आली की पुढचे निर्णय सोपे होतात.

म्हणून गाद्या साठवूच नयेत, त्या वापरात ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर एकाऐवजी दोन गाद्या एकावर एक घालाव्यात आणि दोन्हींना मिळून एकच खोळ शिवून घ्यावी. बसायला उंची येते आणि एक गादी हिशेबातून निघून जाते. मुलांच्या पलंगावरही असेच करता येते. माजघरात किंवा बैठकीच्या खोलीत भिंतीलगत भारतीय बैठक असेल, तर तिच्याखाली आणखी एक-दोन गाद्या सहज जिरतात. मात्र खालची गादी थेट फरशीवर टाकू नये, तिच्याखाली सतरंजी आणि शक्य असल्यास लाकडी फळी असावी, आणि दर दोन महिन्यांनी वरची गादी खाली व खालची वर करावी. एकच गादी कायम तळाशी राहिली, तर तिचा कापूस दबून गोळे होतात.

याच बैठकीत पांघरुणांनाही जागा आहे. लोड विकत घेण्याऐवजी जाड सुती कापडाची, एका टोकाला नाडीची खोळ शिवून घ्यावी. साधारण तीन फूट लांब आणि नऊ इंच व्यासाची खोळ पुरते. दोन पातळ रजया लांबीच्या बाजूने एकत्र अंथराव्यात, रुंदीची तीन फुटांची घडी करावी आणि दोघांनी दोन बाजूंनी ओढून धरत घट्ट वळकटी करावी. वळकटी सैल राहिली, तर टेकल्यावर लोड मधोमध खचतो. ती खोळीत सरकवून नाडी बांधली, की पाहुण्यांनी टेकून बसावे असा लोड तयार होतो, आणि रात्री त्याच पाहुण्यांना त्यातून पांघरूण काढून देता येते. असे चार लोड केले, तर आठ रजयांसाठी वेगळे कपाट लागत नाही. रोजच्या वापरामुळे त्यांना हवाही लागते, आणि कुबट वासाचा प्रश्न उरत नाही.

उरलेल्या पांघरुणांसाठी जागा निवडताना भिंती तपासाव्यात. आपल्याकडे पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या बाहेरच्या भिंती सर्वांत जास्त ओल धरतात. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही तशीच. कपाट अशा भिंतीला असेल, तर त्यात भांडी ठेवावीत, कापूस नाही. जागेविषयी शंका असल्यास भर पावसात एका वर्तमानपत्राची घडी तेथे आठवडाभर ठेवावी. ती कुरकुरीत राहिली, तर जागा योग्य आहे. मऊ आणि दमट लागली, तर तेथे पांघरूण ठेवू नये. कोणत्याही जागी भिंत आणि घड्या यांच्यात तीन-चार बोटांचे अंतर सोडावे, म्हणजे हवा खेळती राहते.

बेडच्या पोटातला कप्पा चांगला, पण तो अनेकदा चारही बाजूंनी बंद असतो. सुताराकडून डोक्याच्या आणि पायाच्या बाजूला हवेसाठी भोके पाडून घ्यावीत आणि आतून बारीक जाळी लावावी. माळ्यावर हलक्याच वस्तू ठेवाव्यात. आठ-दहा किलोंची गादी शिडीवर उभे राहून डोक्याच्या वर उचलणे घरातल्या कोणालाही धोक्याचे आहे, आणि वरचा स्लॅब गळत असेल तर पहिले पाणी माळ्यावरच उतरते. जिन्याखालची जागा मोठी आणि मोहात पाडणारी असते. पण तेथे इन्व्हर्टर, त्याची बॅटरी किंवा विजेचा मीटर असेल, तर कापसाचे काहीही तेथे ठेवू नये. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत जाड भिंतीत फडताळे असतात. ती कोरडी असतील, तर पांघरुणांसाठी त्यांच्यासारखी जागा नाही, कारण ती हाताच्या उंचीवर असतात. पत्र्याच्या जुन्या ट्रंका उंदरांपासून सर्वांत खात्रीचे रक्षण करतात, विशेषतः शेतालगतच्या घरांत. त्यांच्याखाली चार विटा द्याव्यात, गंज चढला असेल तर आतून रंग लावून घ्यावा आणि तळाशी जुने धोतर अंथरावे, नाहीतर गंजाचे डाग कापडावर उतरतात व ते निघत नाहीत.

ठेवण्यापूर्वीचे ऊन हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. धुतलेले पांघरूण हाताला कोरडे लागले, तरी शिवणीत आणि कापसाच्या पोटात ओल राहते, म्हणून रजईला किमान दोन दिवस कडक ऊन द्यावे आणि दुपारी ती उलटावी. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा पाऊस अचानक येतो, त्यामुळे तीन वाजेपर्यंत सर्व काही आत घ्यावे. उन्हातून आणलेले पांघरूण गरम असतानाच बांधू नये. रात्रभर घरात मोकळे पसरून गार होऊ द्यावे आणि सकाळी घडी घालावी. नवरात्राच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चांगलीच आहे, परंतु त्या दिवसांत अजून सरी येत असतात. घाईने धुऊन अर्धवट वाळलेल्या वाकळा आत ठेवण्यापेक्षा जाड नग ऑक्टोबरच्या उन्हासाठी मागे ठेवावेत.

घड्या जुन्या सुती साडीच्या बासनात बांधाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत धूळ जात नाही, पण आतली ओलही बाहेर पडत नाही. हवा काढून घेण्याच्या व्हॅक्यूम बॅगा पॉलिएस्टर भरलेल्या रजयांसाठी उपयोगी आहेत, कारण त्या पुन्हा फुलतात. कापसाची रजई मात्र महिनोन्महिने दाबून ठेवली, तर बसते. घोंगडे नेहमी झटकून, ऊन देऊन आणि स्वच्छ करूनच ठेवावे, कारण घाम आणि तेलकटपणा राहिलेल्या लोकरीला कसर लवकर लागते. प्रत्येक वेळी त्याची घडी वेगळ्या ठिकाणी मोडावी. वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून घड्यांमध्ये ठेवावा. डांबरगोळ्या वापरल्या, तर त्या कापडाला थेट लागू देऊ नयेत, आणि तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत व पांघरुणांत त्या कधीही ठेवू नयेत. त्यांतल्या नॅफ्थलीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होऊ शकते.

पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी, म्हणजे शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, रमणमळा अशा भागांत तळमजल्यावर घर असणाऱ्यांनी, वर सांगितलेल्यातले बेडचे कप्पे आणि ट्रंका पावसाळ्यात रिकाम्याच ठेवाव्यात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. पाणी वाढू लागल्यावर माणसे, कागदपत्रे आणि धान्य हलवण्यातच हात गुंतलेले असतात, आणि भिजलेली गादी तर दोघांनाही उचलत नाही. पुराचे पाणी प्यायलेला कापूस पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. अशा घरांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातच जादा गाद्या वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे पोहोचवाव्यात.

शेवटी प्रत्येक बासनाला एक चिठ्ठी टाचावी आणि तिच्यावर आत काय आहे, किती आहे आणि शेवटचे ऊन कधी दिले, एवढे लिहावे, म्हणजे रात्री उशिरा पाहुणे आले तरी एका चादरीसाठी चार गाठोडी सोडावी लागत नाहीत. श्रावणात दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली, की कप्पे आणि ट्रंका दुपारभर उघड्या टाकाव्यात आणि तळाच्या घड्या वर घ्याव्यात. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी लागतील तेवढी बासने सोडून पांघरुणे सकाळपासून वाऱ्यावर टाकावीत. डांबरगोळ्यांचा वास असेल, तर त्याला पूर्ण दिवस द्यावा.