आगारातल्या माणसांना जीआयएस शिकवायचं असेल तर

गेली काही वर्षं मी बसवाहतुकीतल्या लोकांना जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशा आणि त्यामागची माहिती जोडण्याची पद्धत, शिकवते. वर्गात वाहतूक नियंत्रक असतात, निरीक्षक असतात, कधी वाहक, कधी लेखा शाखेतली माणसं. पहिल्या वर्गाची सुरुवात मी पृथ्वीचा गोल, उपग्रह, प्रक्षेप (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत) अशी केली होती. अर्ध्या तासात मागच्या बाकावरचे दोघं ड्युटी आहे म्हणून उठून गेले. त्यांच्या गाड्यांशी या सगळ्याचा काय संबंध, ते मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी पहिला अख्खा दिवस संगणक बंद ठेवते. तुम्हीही तसंच करा.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि एकच काम सांगा: तुमच्या आगाराची एखादी मुक्कामी गाडी निवडा, तिचा रस्ता आणि थांबे काढा. नकाशा बघायचा नाही, आठवणीतून काढायचं. एका आगारात निवृत्तीला आलेल्या नियंत्रक काकांनी असा कागद भरून दिला. मी तो माझ्या यादीशी ताडून पाहिला आणि म्हटलं, काका, शेवटून दुसरा थांबा राहिला. ते म्हणाले, "राहिला नाही मॅडम. पावसाळ्यात ओढ्याचा पूल पाण्याखाली जातो. चार महिने गाडी शाळेपाशीच वळते." माझ्या यादीत तो थांबा बारा महिने होता. त्या दिवशी आमच्या थांब्यांच्या तक्त्यात 'पावसाळी' नावाचा रकाना आला आणि पुढचे चार दिवस काका पहिल्या बाकावर बसले.

जीआयएस म्हणजे काय, ते अशा कागदावरच सांगता येतं. कागदावरचा ठिपका म्हणजे थांबा, रेघ म्हणजे मार्ग. ठिपक्यामागे रजिस्टरची एक ओळ असते: नाव, क्रमांक, शेड आहे का, टप्पा कोणता. ठिपका आणि ओळ एकमेकांना बांधलेली असली, की एकाला विचारून दुसऱ्याकडून उत्तर मिळतं. यापेक्षा जास्त व्याख्या पहिल्या दिवशी नको.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढा. फोन घेऊन आगाराजवळचे दहा थांबे नोंदवायचे. थांब्यावर अर्धा मिनिट स्थिर उभं राहायचं, मगच फोनवरचे अक्षांश-रेखांश लिहायचे. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो. उंच इमारतीला किंवा घाटातल्या कड्याला खेटून उभे असाल तर जास्त चुकतो. दशांश चिन्हानंतर पाच आकडे ठेवा. पाचवा आकडा म्हणजे सुमारे एक मीटर. एकाने टापटीप दिसावं म्हणून सगळे आकडे दोन दशांशांवर आणले होते. दुसरा आकडा म्हणजे सुमारे एक किलोमीटर, त्यामुळे त्याचे दहा थांबे नकाशावर तीन ठिकाणी गोळा झाले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे थांबे वेगळे नोंदवा. नाव एकच असलं तरी जाणारी गाडी आणि येणारी गाडी एका जागी थांबत नाही. म्हातारी बाई भर चौकात चुकीच्या बाजूला उभी राहिली तर तिची गाडी तिच्या डोळ्यांदेखत जाते.

नावांचं प्रकरण सगळ्यांत त्रासाचं आहे, त्याला वेळ द्या. वडगाव, वडगांव, वडगाव बु., वडगाव फाटा: माणसाला कळतं, संगणकाला ही चार वेगळी गावं वाटतात. शिवाय महाराष्ट्रात वडगावं आणि पिंपळगावं किती आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक थांब्याला एक क्रमांक द्यायचा आणि फेऱ्यांचा तक्ता त्या क्रमांकावरच जोडायचा. हा नियम पहिल्या आठवड्यात अंगवळणी पडला नाही, तर पुढे सहा महिने नावं दुरुस्त करण्यात जातात.

तिसऱ्या दिवशी संगणक. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर वापरा, ते फुकट आहे, परवान्यासाठी फाईल फिरवावी लागत नाही, आणि माणूस घरच्या लॅपटॉपवरही सराव करू शकतो. एक्सेलमधला थांब्यांचा तक्ता 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारात साठवायला सांगा. साधा सीएसव्ही निवडला तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि पहिल्याच तासाला माणसाचा उत्साह जातो.

आता एक चूक मुद्दाम होऊ द्या. आपण बोलताना 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, अक्षांश आधी. क्यूजीआयएस मात्र आधी एक्स विचारतं, आणि एक्स म्हणजे रेखांश. वर्गातले निम्मे लोक सवयीने उलटं भरतात. पुण्याचे अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६. हे उलटे भरले की पुण्याचा थांबा नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या थंडगार समुद्रात जाऊन पडतो. तो ठिपका त्यांनाच शोधू द्या. ज्याने स्वतःचं आगार त्या समुद्रात एकदा पाहिलं, तो पुन्हा रकाने उलटे भरत नाही.

अंतर शिकवायला मी एसटीची पहिली गाडी घेते: १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. खात्यातल्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. दोन ठिपके टाका, सरळ रेघ जोडा आणि तिची लांबी आधी अंशांत काढा. उत्तर येतं १.०६ च्या आसपास. वर्ग गप्प होतो. कुणीतरी विचारतं, "एक किलोमीटर?" हाच तो क्षण, प्रक्षेप समजावण्याचा. माझ्या पहिल्या वर्गात जे ऐकताना लोक उठून गेले होते, तेच आता ते स्वतः विचारतात. सांगा की फोनमधले आकडे अंशांत असतात, त्या पद्धतीचा क्रमांक ४३२६. मीटरमध्ये मोजायचं तर पुणे, नाशिक, अकोला या भागासाठी ३२६४३ घ्यायचा आणि वर्धा, नागपूर, चंद्रपूरसाठी ३२६४४. मधली सीमा ७८ रेखांशाची, यवतमाळ जिल्ह्यातून जाणारी. थर, म्हणजे नकाशावर एकावर एक ठेवलेल्या माहितीतला एक पदर, त्या क्रमांकात बदलला की तीच रेघ एकशे दहाच्या थोडी पुढे येते. रस्त्याने अंतर सुमारे १२० किलोमीटर. मग पोलादपूर ते महाबळेश्वर काढायला लावा: सरळ रेघ वीस-बावीस किलोमीटर, आंबेनळी घाटाने जवळजवळ दुप्पट. घाटात गाडी चालवलेला माणूस वर्गात असेल तर पुढचं त्यालाच बोलू द्या.

चौथ्या दिवसासाठी प्रश्न आगार व्यवस्थापकांकडून मागून घ्या. आम्हाला एकदा मिळालेला प्रश्न होता: कोणत्या गावांना एक किलोमीटरच्या आत थांबा नाही? थांब्यांभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, त्याला बफर म्हणतात, आणि बाहेर राहिलेली गावं निवडायची. थर अंशांतच राहिला आणि तिथे १००० भरले तर वर्तुळाला पृथ्वीही पुरत नाही. कालचा धडा इथे उपयोगी पडतो.

आमची यादी आली, तेव्हा एक वाहक ताई स्क्रीनजवळ आल्या आणि वर्तुळाच्या आतल्या एका गावावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "हे गाव यादीत का नाही? मधे नदी आहे. पूल खाली चार किलोमीटरवर." बफरला नदी दिसत नाही. आम्ही नदीचा थर टाकला, पूल टाकले आणि वर्तुळाच्या आतलं एकेक गाव पुन्हा तपासलं. आणखी तीन गावं यादीत आली. हे काम बाहेरच्या सल्लागाराला जमलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. म्हणूनच जीआयएसचं काम एका खोलीतल्या एका तज्ज्ञावर सोपवू नये.

साठवण्याबद्दल थोडकंच. क्यूजीआयएसची प्रोजेक्ट फाईल पेनड्राइव्हवर घेतली म्हणजे नकाशा घेतला असं लोकांना वाटतं. तिच्यात सहसा फक्त थर कुठे ठेवलेत त्याचा पत्ता असतो. सगळे थर एका जिओपॅकेजमध्ये, म्हणजे अनेक थर मावणाऱ्या एकाच फाईलमध्ये, ठेवा आणि दोन्ही फाईली एकाच फोल्डरमध्ये द्या. शेपफाईल हा थर साठवण्याचा जुना प्रकार टाळा, तिच्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांपुढे कापलं जातं, आणि मराठी नाव तर त्याहून लवकर.

पाचव्या दिवशी नवं काही शिकवू नका. नकाशा मोठ्या कागदावर छापा, नियंत्रण कक्षात रजिस्टरशेजारी लावा आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवा. चालक-वाहक ड्युटी संपवून हिशेब द्यायला येतात, तेव्हा त्यांना तिथेच खुणा करता येतात: शेड पडली, थांबा सरकला, फाट्यावर उड्डाणपुलाचं काम निघालं. नकाशा दुरुस्त करणाऱ्या दोघांची नावं आणि पुढची तारीख कागदाच्या कोपऱ्यात लिहा. दोघं अशासाठी, की एकाची बदली झाली तर दुसरा असतो.