पेठांत फिरताना फोन कसा वापरायचा

पुण्याच्या पेठांत पहिल्यांदा पायी फिरणार असाल तर मॅप आधी घरीच डाउनलोड करून ठेवा, आणि चालताना फोन सरळ खिशात टाका. निळ्या ठिपक्याकडे बघत चाललं की रस्ता नुसता अंतर कापायला उरतो, आजूबाजूचं काही म्हणजे काही दिसत नाही.

शनिवारवाड्यापासून सुरू करा, 1732 चा आहे तो, तिथून बाजीराव रोड धरा, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांपाशी रेंगाळा, पुढे विश्रामबागवाडा आला की थांबून मान वर करा, लाकडी सज्जाखालचं कोरीवकाम नीट बघा आणि मगच फोटो काढा. समोरच तुळशीबागेचा बाजार.

मॅपच्या आवाजावर चालायचं असेल तर इअरफोन एकाच कानात, दुसरा कान गाड्यांच्या हॉर्नसाठी मोकळा पाहिजेच. बोळात लोकेशन कधीकधी शेजारच्या गल्लीत उडी मारतं, तेव्हा स्क्रीन झूम करत बसू नका, दुकानदाराला विचारा, "काका, जिलब्या मारुतीचं देऊळ कुठे?" ते हात करून दाखवतात, वर दोन गोष्टी जास्तीच्या सांगतात. रील करताना मात्र बाजूला उभे राहा, आणि बायकामुलांचे चेहरे न विचारता घेऊ नका प्लीज.