सरकार बदललं, पण परराष्ट्र धोरण बदललं का? कसं तपासायचं

दिल्लीत सत्तांतर झालं की महिन्याभरात ‘भारताचं परराष्ट्र धोरण पालटलं’ असे लेख येऊ लागतात. पहिल्या शंभर दिवसांतले दौरे आणि शपथविधीचे पाहुणे यांवरून निष्कर्ष काढू नका, आधी कागद जमवा.

एक देश निवडा. त्याच्याबरोबरची संयुक्त निवेदनं घ्या, जुन्या सरकारचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं, आणि ओळीओळीने ताडून पाहा. काय गळलं, काय नव्याने आलं, कोणत्या गोष्टीला मुदत घातली, तिथे खूण करा. नुसत्या नामांतराला भुलू नका: आग्नेय आशियाशी संबंध वाढवण्याचं नरसिंह रावांच्या काळातलं ‘लुक ईस्ट’ धोरण २०१४ मध्ये ‘ॲक्ट ईस्ट’ झालं, दिशा तीच राहिली.

मग निर्णयाचं मूळ शोधा. मार्च १९९८ मध्ये वाजपेयी सत्तेवर आले आणि मे महिन्यात पोखरणला चाचण्या झाल्या. दोन महिन्यांत अणुबॉम्ब तयार होत नाही. तयारी आधीच्या सरकारांची होती, नवा होता तो राजकीय होकार.

संयुक्त राष्ट्रांतलं एकच मतदान पुरावा म्हणून धरू नका. जुलै २०१५ मध्ये इस्रायलवर टीका करणाऱ्या गाझाच्या ठरावावर जिनिव्हात भारत तटस्थ राहिला, तेव्हा ‘पॅलेस्टाइनची साथ सोडली’ अशी ओरड झाली. डिसेंबर २०१७ मध्ये जेरुसलेमला इस्रायलची राजधानी मानण्याच्या प्रश्नावर त्याच सरकारने अमेरिकेच्या विरोधात मत दिलं. एकाच विषयावरची निदान पाच वर्षांची मतं लावून पाहा.

अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाची देशनिहाय मदत वाचा. निवडणुकीच्या वर्षी फेब्रुवारीतला अंतरिम अर्थसंकल्प मावळत्या सरकारचा असतो, तो नव्याच्या खाती मांडू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो देशांतर्गत संख्याबळाला. बांगलादेशबरोबरचा भूसीमा करार १९७४ चा. मनमोहन सिंग यांनी २०११ मध्ये पूरक करार केला, पण जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती लागते आणि तिला दोन तृतीयांश मतं. ती जमली नाहीत. विरोधकांत भाजपचे खासदारही होते. सत्तेत आल्यावर त्याच पक्षाने मे २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती मंजूर करून घेतली. ३१ जुलैच्या मध्यरात्री एकमेकांच्या हद्दीत अडकलेले १६२ भूभाग बदलले गेले: १११ बांगलादेशकडे, ५१ भारताकडे. तिस्तेचा पाणीवाटप करार मात्र २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या विरोधाने अडला, तो केंद्रात सरकार बदलूनही सुटला नाही. म्हणून सीमा किंवा नदीचा प्रश्न असेल तर त्या राज्यात कोणाचं सरकार आहे, तेही तपासा.